खालून पाहिलेलं हेलिकॉप्टर

सोमवारी दुपारी मिलिमीटरनं माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवली आणि माझा कटर सटकला. बोटबीट नाही कापलं, थांबा, तेवढं नाटक नाही झालं, फक्त मी जी खिडकी कापत होते, चौथ्या मजल्यावरची, ती तिरकी गेली. चिठ्ठीवर त्याच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ होती: छपरावर हेलिकॉप्टर, पन्नासास एक मापाचं, दोन्ही पंखे फिरते, गुरुवार. आता तुम्ही म्हणाल, यात दचकायचं काय, तुझं कामच ते. खरंय. आम्ही इमारतींची मॉडेलंच करतो ना, जी इमारत अजून उभीच नाही तिची टेबलावर मावेल एवढी प्रत, म्हणजे ज्यांना ती बांधायचीय त्यांना भोवती उभं राहून बोटं दाखवता येतात. या वेळी हॉस्पिटल होतं, मोठं, आणि त्यांना वाटलं छपरावर हेलिकॉप्टर उतरलेलं दिसलं की बघणाऱ्यांची छाती फुगेल. आणि मिलिमीटर म्हणजे आमचा फोरमन. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल कुठेतरी, पण अर्ध्या मिलिमीटरची चूक तो नुसत्या डोळ्यानं दारातून पकडतो, चहासुद्धा कपाच्या काठाखाली ठरावीक अंतरावरच ओततो, त्यामुळे दुसरं नाव चिकटणारच नव्हतं. मी म्हटलं, "हेलिकॉप्टर मी करू?" तर म्हणाला, "मग काय, मी चालवत घेऊन येऊ? आणि ती खिडकी नवी काप. एक पॉइंट दोननं ढळलीय." आणि गेला. मी चिठ्ठीकडे बघत बसले आणि मला एकदम, कसं सांगू, पाठीला गार लागलं. खुर्चीवर बसलेली मी, आणि पाठीला फरशी.

कारण माझा बाबा हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. हे तुमच्यातल्या कुणालाच मी कधी सांगितलं नसेल, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, मग आता कुठे असतो. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात ना, लोखंडी पायांवर उभ्या, तिथे माणसं न्यायला-आणायला हेलिकॉप्टरं असतात, ती नीट ठेवायचं त्याचं काम. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी. आमच्या घरात महिने नव्हतेच, अठ्ठावीसच होते. आई कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करायची, तो घरी असला की निळे दिवस, तिकडे असला की लाल दिवस, आणि माझा वाढदिवस एक वर्ष निळ्यात यायचा आणि एक वर्ष लालमध्ये. तो आला की पहिले दोन दिवस त्याच्या कानात अजून आवाज असायचा, टीव्ही मोठा लावायचा, आमच्याशी ओरडून बोलायचा, आई म्हणायची, "अरे, आम्ही इथेच आहोत, पलीकडच्या विहिरीवर नाही." आणि तिसऱ्या दिवशी तो पलंगाखालून खोकं काढायचा. खोक्यात आमचं हेलिकॉप्टर. तो ज्यावर काम करायचा त्याचंच लहान रूप, हलक्या लाकडाचं, माझ्या अख्ख्या हाताएवढं लांब, आणि ते कधीच पुरं झालं नाही कारण अठ्ठावीस दिवस कधी पुरलेच नाहीत. एका सुट्टीत अंग झालं. एका सुट्टीत शेपूट. एका सुट्टीत त्यानं नुसती चार पाती घासली, रोज थोडी थोडी, पॉलिश पेपरनं, आणि मला सांगत बसला की जाड गोल कड पुढे, पातळ कड मागे, हवेला नेहमी गोल तोंड दाखवायचं. मोटर पुढच्या वेळी, म्हणाला. पुढच्या वेळी मोटर बसवू आणि मग बघ, वायसर.

वायसर म्हणजे मी. नट आणि पत्र्याच्या मध्ये ती चपटी चकती असते ना, ती. मी एवढीशी होते म्हणून. "लहान असते," तो म्हणायचा, "पण ती काढली तर सगळं खडखडायला लागतं." मोटर नव्हती तोवर पंखा तो बोटानं फिरवायचा. आमचा एक खेळ होता, सांगते, हसू नका. मी फरशीवर उताणी झोपायची, मी म्हणजे बुडालेल्या बोटीवरचा माणूस, फरशी म्हणजे पाणी, आणि तो हेलिकॉप्टर हातात धरून माझ्यावर यायचा, दुसऱ्या हाताच्या बोटानं पंखा फिरवत, तोंडानं तो आवाज काढत, जो त्याला इतका हुबेहूब यायचा की शेजारच्या काकू खिडकीत यायच्या. पोटाखालून दोरा सोडलेला, दोऱ्याला कागदाची क्लिप वाकवून केलेला आकडा. मी तो आकडा फ्रॉकच्या गुंडीत अडकवायची. मग तो ओरडायचा, "दोर धरलास?" आणि मी ओरडायची, "धरला!" आणि दोऱ्यानं काही मी उचलली जाणार नव्हते, म्हणून तो हेलिकॉप्टर पलंगावर ठेवून मला दोन्ही हातांनी उचलायचा. पंखा फिरवायचं काम त्याचं, झोपायचं काम माझं, ते कधी बदललं नाही. एकदा मी खालून म्हटलं, दुसऱ्या बाजूला फिरव ना. त्यानं असं तोंड केलं जसं काही मी त्याला डोक्यावर चालायला सांगितलंय. "उलटा? मग तुला न्यायला आलेलंच पडेल की, बाई." मला अजून दिसतं ते. पांढरं छत, छतावर ओल्या डागाचा एक हत्ती, आणि त्याच्यासमोर चार पाती, एकामागून एक, घड्याळाच्या काट्यांसारखी. डोळे मिटले तरी दिसतं. मला त्याचा चेहरा तेवढा नीट नाही आठवत जेवढी ती पाती आठवतात. चेहरा त्यांच्या मागे होता ना.

मग काय, एका लाल दिवसानंतर निळा आलाच नाही. भांडण झालं असतं तर मला सांगायला काहीतरी असतं. तो विहिरीवरची नोकरी सोडून दुसऱ्या गावात पोरांना हेलिकॉप्टर दुरुस्ती शिकवायला लागला, आणि तिथेच राहिला, आणि आई म्हणाली, "त्याला एका घरात एकोणतिसावा दिवस काढता येत नाही, तो काय करणार." एवढंच. आम्ही घर बदललं, खोकं हलवताना चेपलं, आत सगळा चुरा झाला, एक पातं तेवढं अखंड निघालं. ते मी पुस्तकात खूण म्हणून ठेवते. तुम्ही बघितलंय ते. तुमच्यातल्याच एकानं त्यानं पाठ खाजवली होती, आणि मी केवढी ओरडले होते, आठवतं? तर ते.

आणि बाबाचं म्हणाल तर तो आहे की. फोनमध्ये आहे. आधी आम्ही बोलायचो, तो म्हणायचा, "ठीक सगळं? बरं." चाळीस सेकंद. विहिरीवर फोन मोजून मिळायचा, ती सवय त्याची गेली नाही. मग बोलण्याचे मेसेज झाले आणि मेसेजचा अंगठा झाला. मला नोकरी लागली, लिहिलं, अंगठा. आम्ही केलेल्या पुलाच्या मॉडेलचा फोटो पाठवला, अंगठा. दहा दिवस ताप होता, लिहिलं, काही नाही. बरी झाले लिहिलं, अंगठा. एकदा मी फार मोठं लिहिलं होतं, रडत रडत, तीनदा खोडून, आणि त्याच्यावरसुद्धा, पाच मिनिटांच्या आत, पिवळा, गुबगुबीत अंगठा. तो वाईट नाहीये रे. मला वाटतं त्याला खरंच वाटतं की अंगठा म्हणजे उत्तर. काम झालं, तपासलं, पुढे जा. पण अंगठ्याला आवाज नसतो ना. मला त्याचा आवाज हवा होता. त्याच्या तोंडून एकदा वायसर ऐकायचं होतं, बाकी काही नाही, आणि हे मी दोन वर्षं कुणाला म्हटलं नव्हतं. फोन लावायचा होतास की, असं आता कुणी म्हणू नका. मी नंबर काढायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. वाजत राहिला असता आणि त्यानं उचलला नसता, तर मग अंगठासुद्धा गेला असता माझा.

तर मंगळवारी मी कामाला लागले आणि सांगते, माझं डोकं असं चाललं जसं कधी चाललं नव्हतं. आमची झाडवाली समोरच्या टेबलावर बसते, तिला दिवसभर झाडंच करायची असतात, तारेला पीळ द्यायचा, फांद्या काढायच्या, स्पंजचा हिरवा चुरा गोंदावर शिंपडायचा, चारशे झाडं, पाचशे झाडं, झाडांचं तिला इतकं झालंय की बागेत नेली तर पाठ फिरवून बसते. ती म्हणाली, "काय गं, आज गुणगुणतेस? प्रेमातबिमात पडलीस?" मी म्हटलं, "हेलिकॉप्टरच्या." "बरंय," ती म्हणाली, "वरच्या वर तरी राहील." मी फोमचा ठोकळा कोरून अंग काढलं. समोरची काच करायला पारदर्शक प्लास्टिक गरम करून लाकडी ठोकळ्यावर ओढलं, तीनदा फाटलं, चौथ्यांदा असं बसलं की मला स्वतःचं तोंड त्यात वाकडं दिसलं. एका मोडक्या खेळण्यातली गिअरची मोटर पोटात बसवली, शेपटीला फोनमध्ये थरथरणारी असते ती चिमुकली मोटर, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. तारा पायांतून खाली, छपरातून आत, बटण पायथ्याशी. आणि पाती. पाती करताना मी पुस्तकातून बाबाचं पातं काढलं आणि टेबलावर समोर ठेवलं आणि त्याच्या निम्म्या मापानं चार पाती घासली. जाड कड, पातळ कड, किंचित पीळ. पॉलिश पेपरचा तो आवाज, खस्स खस्स, आणि ती धूळ नाकात गेली आणि मला एकदम तेलाचा आणि खाऱ्या कपड्यांचा वास आला, जो त्या खोलीत कुठेच नव्हता, तिथे नुसता गोंद होता. मी मान वर केली. वर ट्यूबलाइट होती. मला माहीत नाही मला काय वाटलं होतं वर काय असेल.

पंखा कुठल्या बाजूनं फिरतो, हा प्रश्न मला पडलाच नाही. तुम्ही म्हणाल, नेटवर बघायचं, दोन मिनिटांचं काम. पण का बघू? मला आठवत होतं ना! सगळ्या जगात एवढी एकच गोष्ट होती जी मला त्याच्याबद्दल नक्की माहीत होती, आणि ती मी बाहेर शोधायला जाऊ? घड्याळाच्या काट्यांसारखा. मी तारा जोडल्या, लाल इथे, काळी तिथे, मान खाली घालून, जणू मला कुणी सांगतंय. घरी जेवताना मात्र आईला म्हटलं, "आई, आपलं हेलिकॉप्टर आठवतं? पंखा कसा फिरायचा त्याचा?" आई दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघते, घरी आल्यावर तिला काही बघायचं नसतं, ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारतेस, मला धूळ आठवते त्याची. गादीत, केसांत, डब्यात. त्याला विचार." मी म्हटलं, "तो अंगठा दाखवेल." मग तिनं बघितलं माझ्याकडे. म्हणाली, "यंत्रात बिघाड असला ना, तर तो ताटावरून उठायचा. मी आजारी असले तर मात्र त्याला कळायचं नाही काय करायचं, दारात उभा राहायचा, पाणी देऊ का, पाणी देऊ का. आवाज करणारी गोष्ट लागते त्याला. माणूस बिघडला की आवाज होत नाही." आणि भाजी वाढली मला, मी मागितली नव्हती.

गुरुवारी दुपारी सगळे जमले. मिलिमीटर हात मागे बांधून, झाडवाली गोंदानं भरलेली बोटं वर धरून. हॉस्पिटल मस्तच झालं होतं, पांढरं, खिडक्या सगळ्या सरळ, फाटकापाशी हातात हात घालून चालणारी माणसं, बिनचेहऱ्याची. झाडवाली म्हणाली, "एवढं मोठं हॉस्पिटल आणि एक माणूस आजारी नाही." मिलिमीटर म्हणाला, "ऑर्डरमध्ये नव्हता." मी बटण दाबलं. आधी शेपटीचा किरकिरला, मग वरचा हळूच एक फेरी, दुसरी, आणि मग पात्यांची चकती झाली, धुरकट, आणि तो आवाज आला, लहानसा, पण तोच, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात झाडवाली ओरडली, "अगं, हे माझं गवत खातंय!" छपरावर तिचा हिरवा चुरा थोडा सांडला होता. तो उडून बाहेर पळायला हवा होता ना, हेलिकॉप्टर खाली वारा मारतं. तो पळत नव्हता. तो छपरावरून उठून वर जात होता, पंख्यात ओढला जात होता आणि वरून चारी बाजूंना भिरकावला जात होता, मिलिमीटरच्या चष्म्यावर, माझ्या तोंडावर. मिलिमीटरनं चष्मा पुसला. म्हणाला, "मोजमापात चूक नाही. पण काहीतरी ढळलंय. उद्या सकाळी नऊला गाडी येईल." आणि जेवणाचा डबा घेऊन वर गेला.

मी मोटर बंद केली. एक पातं धरलं, शेजारी बाबाचं धरलं. दोन्ही तंतोतंत. जाड कड, पातळ कड. आणि मग मी पंखा बोटानं फिरवला, माझ्या बाजूला, घड्याळाच्या काट्यांसारखा, हळू, आणि पातळ कड पुढे चालली होती. सगळी पाती पाठमोरी धावत होती. कितीतरी वेळ मला कळेच ना. पाती त्याची होती, ती खोटी बोलणार नाहीत. आठवण माझी होती, तीही खोटी नव्हती, मी बघितलं होतं, हत्तीसमोर, शंभर वेळा. आणि मग मी अशी वाकले, टेबलाच्या कडेखाली डोकं घातलं, मान मोडेस्तोवर वळवली, आणि खालून बघितलं. खालून ना! मी आयुष्यभर ते खालूनच बघितलं होतं. वर उभं राहून बघणाऱ्याला तो काट्यांच्या उलट फिरताना दिसायचा. तो वर होता, मी खाली होते, एकच पंखा, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी बघत होतो. मी तिथेच, डोकं टेबलाखाली, कंबर वर, हसायला लागले, झाडवालीला वाटलं मला उचकी लागली. दुरुस्ती म्हणजे काहीच नाही. लाल तारेच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. सोल्डरगन मी चालू केलीसुद्धा.

आणि थांबले. आता हे ऐका, कारण हे मी केलं, आणि मला अजून कळत नाही ते चांगलं की वाईट. आईचं ते वाक्य माझ्या कानात आलं, ताटावरून उठायचा. मी थोडा हिरवा चुरा मुठीत घेतला, छपरावर नीट पसरला, फोन काढला, उलटा पंखा पुन्हा चालू केला आणि अकरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. चुरा मस्त वर चढला. पाठवला. खाली लिहिलं, बाबा, मी केलं. बास. वाटलं, जणू काही मी चोरी करतेय, आणि एका अर्थी करतच होते. त्याच्या घरात शिरायला मला आपलीच खिडकी फोडून आवाज करावा लागत होता. दोन खुणा झाल्या. मग निळ्या झाल्या. मी फोन उपडा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उपडा. चार मिनिटं. मग थरथरला. अंगठा.

काय सांगू, मला राग नाही आला. बरोबरच होतं, त्यानं बघितलंच नसणार, उघडलं, पोरीचं आलंय, अंगठा. झाडवाली म्हणाली, "काय गं, तोंड का उतरलं?" मी म्हटलं, "गवत गेलं डोळ्यात." तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं हातातलं झाड संपवलं, पिशवी उचलली, म्हणाली, "मी उन्हात बसते जरा, इथे श्वास कोंडतो," आणि मला खोलीत एकटं सोडलं. मी हेलिकॉप्टर छपरावरून काढलं, पोट उघडलं, तारा सोडवल्या, अदलाबदल केली, सोल्डरचा एक एक थेंब. धुराची एक रेघ सरळ वर गेली. गन बंद करून स्टँडवर ठेवली. बॅटरीला लावून बघितलं, पंखा फिरला, टेबलावरचा चुरा भर्रकन पळाला, माझ्या बाह्यांवरचा, चिठ्ठीवरचा, सगळा. बरोबर. सगळं बरोबर झालं होतं आणि मला ते बरोबर अजिबात नको होतं. बंद केलं. टेबल पुसलं. फडकं दोनदा धुतलं. अर्धा तास गेला असेल, जास्तच, गन गार झाली होती, मी ती गुंडाळून ठेवणार, तेवढ्यात फोन वाजला. थरथरला नाही, वाजला. बाबा.

मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. तोही नाही म्हणाला. म्हणाला, "तारा उलट्या लागल्यात."

तोच आवाज. तसाच मोठा, समुद्रावर ऐकू जाईल असा. मी म्हटलं, "कशावरून?"

"आधी दिसलं नाही मला. व्हिडिओत पंखा कुठेही फिरल्यासारखा दिसतो, त्याचं काही खरं नसतं. पण काहीतरी खुपत होतं. वर्ग चालू होता माझा, पोरांना म्हटलं, वाचा रे. पुन्हा बघितला. सात वेळा बघितला. मग ते हिरवं काय आहे ते, ते दिसलं. वर जातंय."

"गवत आहे ते."

"गवत वर जात नसतं." मग तो थांबला. मागे कुठेतरी पोरांचा गलका होता, कुणीतरी बाक ओढला. मला वाटलं झालं, चाळीस सेकंद झाले. पण तो म्हणाला, आणि या वेळी आवाज लहान होता, इतका लहान की मला कान दाबावा लागला, "तू खाली झोपायचीस ना. म्हणून. तुला तो तसाच दिसला असणार."

मी गोष्ट रचली होती, सापळा लावला होता, आणि त्यानं सापळ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तो सरळ त्याच्या मागच्या खऱ्या चुकीपाशी गेला, फरशीपाशी, हत्तीपाशी. त्याला माहीत होतं मी कुठून बघत होते. इतकी वर्षं माहीत होतं.

"दुरुस्त करता येईल तुला?" तो म्हणाला. आणि दुरुस्त झालेलं हेलिकॉप्टर माझ्या समोर टेबलावर बसलेलं होतं, आणि मी म्हटलं, "नाही. कसं करायचं, सांग ना."

त्यानं सांगितलं. अगदी हळू, जसं मी आठ वर्षांची असताना सांगायचा. पोट उघड. आधी बॅटरी काढ, विसरू नकोस, बॅटरी आधी. दोन तारा दिसतील. मी म्हणत होते, हो, दिसल्या. हो, लाल. हो, काळी. माझे दोन्ही हात मांडीवर होते. लालवरचं सोल्डर गरम कर, ओढू नकोस, ती आपण होऊन सुटेल. हो बाबा. मला वाटत होतं त्याला शंभर तारा असाव्यात. पण दोनच होत्या. "आता लाव बॅटरी," तो म्हणाला, "फोन जवळ धर, मी ऐकतो." मी लावली. चकती झाली, वारा आला, चिठ्ठी टेबलावरून उडून खाली गेली.

"हं," तो म्हणाला. "आता खाली मारतोय." आणि मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "गन तापायलाच तीन मिनिटं लागतात, वायसर. तू एका मिनिटात दोन्ही तारा फिरवल्यास."

पकडली. अर्ध्या मिलिमीटरची चूक. मी वाट बघत होते त्याच्या त्या बरं-ची, बरं म्हटलं की फोन बंद. बरं आलं नाही. मागचा गलका वाढला, कुणीतरी हाक मारली त्याला, आणि त्यानं तोंड बाजूला करून ओरडून सांगितलं, "थांबा रे, घरचा फोन आहे." मग परत माझ्याकडे. "शेपटीला काय वापरलंस? एवढी लहान मोटर मिळाली कुठे? पहिल्यापासून सांग."

त्यानं मला आयुष्यात, ठीक सगळं, याच्यापुढे काही विचारलेलं मला आठवत नाही. मी खुर्चीवरून उतरले, फरशीवर बसले, मग उताणी झोपले, लाकडाच्या भुश्शात, फोन कानाशी, आणि एका हातानं ते हेलिकॉप्टर छातीच्या वर धरलं, तारा लोंबत होत्या, पंखा चालूच होता. वारा थेट तोंडावर येत होता, सगळे केस मागे, डोळ्यांत पाणी आणणारा. वर ट्यूबलाइट, आणि तिच्यासमोर पाती, घड्याळाच्या काट्यांसारखी. "सांगते," मी म्हटलं, "सोमवारी दुपारी काय झालं, माझा कटर सटकला."